ज्योत भांड्याच्या बुडाखालीच हवी

गॅस वाचवणे आणि शेगडीपासून स्वतःला जपणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात बहुतेक वेळा एकाच सवयीने दोन्ही साधते.

लहान पातेले मोठ्या बर्नरवर ठेवले की ज्योत बुडाबाहेर येऊन कडेने वर चढते. ती उष्णता अन्नाला न मिळता स्वयंपाकघर तापवते. पदर, ओढणी किंवा गाऊनची सैल बाही पेटते तीही याच ज्योतीवर. शेगडीमागच्या फळीवरचा डबा घ्यायला हात लांबवला आणि पदर पेटला, ही हकीकत सरकारी रुग्णालयात मी अनेक भाजलेल्या स्त्रियांकडून ऐकली आहे. मीठ-मसाल्याचे डबे शेगडीच्या बाजूला ठेवा, मागे नको. पदर खोचून घ्या. स्वयंपाक करताना सुती कपडे बरे. नायलॉनसारखे कापड वितळून त्वचेला चिकटते.

ज्योतीचा रंगही पाहा. ती निळी हवी. पिवळी दिसत असेल, भांड्यांना काजळी धरत असेल, तर गॅस पूर्ण जळत नाही. अशा वेळी कार्बन मोनॉक्साइड हा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो रक्तातील हिमोग्लोबिनला चिकटून प्राणवायूची जागा अडवतो. बंद स्वयंपाकघरात डोके दुखते, मळमळते आणि बाहेर आल्यावर बरे वाटते, असे होत असेल तर पित्त म्हणून सोडून देऊ नका. खिडकी उघडी ठेवा. शेगडी गार झाल्यावर बर्नरची बुजलेली छिद्रे साफ करा. तरीही ज्योत पिवळी राहिली तर शेगडी दुरुस्त करून घ्या.

उकळी आल्यावर आच मोठी ठेवून पदार्थ लवकर शिजत नाही. पाणी फक्त जास्त आटते. झाकण ठेवा, आच बारीक करा. डाळी आधी भिजवा. कुकरची शिट्टी झाली की गॅस कमी करा. बारीक आचेवर दूध-भात उतू जाण्याचा धोकाही कमी. उतू गेल्याने ज्योत विझते, पण गॅस येतच राहतो.

हा गॅस हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो. वास आला तर दिव्या-पंख्याचे कोणतेही बटण चालू किंवा बंद करू नका. शेगडी आणि रेग्युलेटर बंद करा, दारे-खिडक्या उघडा, सर्वांना घेऊन बाहेर पडा आणि बाहेरूनच १९०६ या क्रमांकावर फोन करा.

भाजल्यास त्या भागावर नळाचे वाहते पाणी २० मिनिटे सोडा. अंगठी, बांगड्या लगेच काढा. बर्फ, टूथपेस्ट, हळद काहीही लावू नका. कपडे पेटले तर धावू नका, जमिनीवर लोळा. त्वचेला चिकटलेले कापड ओढू नका. चेहरा, हात किंवा सांधा भाजला असेल किंवा जखम तळहातापेक्षा मोठी असेल, तर रुग्णालय गाठा.

आज कुकर चढवल्यावर जरा अंतरावरून ज्योत पाहा. ती निळी आहे का आणि बुडाखालीच आहे का, एवढे दोनच प्रश्न रोज विचारले तरी पुष्कळ झाले.