लेन्स बसते, पण चालते का?

लग्नसराई जवळ आली की ‘जुनी लेन्स स्वस्तात मिळतेय, घेऊ का?’ असं मला ओळखीचे बरेच जण विचारतात. मी म्हणतो, लेन्सचं राहू द्या, आधी तुमच्या कॅमेऱ्याचं मॉडेल सांगा.

निकॉनचंच बघा. त्यांचा एफ माउंट १९५९ पासूनचा. त्यामुळे जुनी ५० एमएम १.८डी लेन्स डी४० किंवा डी३१०० वर खट्कन बसते, फोटोही निघतो. पण ऑटोफोकस होत नाही. फोकसची मोटर ना त्या लेन्समध्ये, ना या कॅमेऱ्यांत! डी९० मध्ये ती आहे, म्हणून तिथं हीच लेन्स झकास चालते. लेन्सवर ‘एएफ-एस’ लिहिलं असेल, तर मोटर लेन्समध्येच असते. अक्षता पडताना हातानं फोकस करत बसलात, तर तो क्षण गेलाच.

कॅननच्या डीएसएलआरसाठी खूण सोपी. लाल ठिपका ईएफ लेन्सचा, पांढरा चौकोन ईएफ-एसचा. ईएफ-एस लेन्स ५डी सारख्या फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर बसत नाही. जोर लावू नका.

कन्नडमध्ये ‘होंदाणिके’ म्हणतात, आपण सोयरिकीतही तेच बघतो. नुसती ओळख पुरत नाही, जमायला हवं. म्हणून आपला कॅमेरा सोबत न्या. दुकानातच लेन्स लावून जवळचा, लांबचा फोटो काढा, ऑटोफोकस तपासा आणि मगच खिशात हात घाला.