सॅप : पेशीतला छोटा पूल

वांद्र्याहून लालबागला यायचे, तर पश्चिम रेल्वेने दादरला उतरावे, पूल ओलांडावा आणि मध्य रेल्वेने करी रोड गाठावे. पूल स्वतः कोणतीही गाडी चालवत नाही. पण तो बंद पडला, तर दोन्हीकडच्या गाड्या धावत असूनही प्रवासी अडकून पडतात. आपल्या पेशींतही असे पूल असतात. त्यांना अ‍ॅडॅप्टर प्रथिने, म्हणजेच जोडप्रथिने म्हणतात.

पेशीच्या पृष्ठभागावरील ग्राही रेणूला मिळालेला संदेश आतल्या विकरांपर्यंत पोहोचावा लागतो. विकरे रासायनिक क्रिया घडवतात. जोडप्रथिन तसे काही करत नाही, ते फक्त दोघांची गाठ घालून देते. 'सॅप' हे अवघ्या १२८ अमिनो आम्लांचे प्रथिन टी पेशींत व नैसर्गिक मारक पेशींत असते. त्याची एक बाजू 'स्लॅम' गटातील ग्राहींच्या आतल्या टोकाला बसते, तर दुसरी 'फिन' या विकराला धरते. फिन ग्राहीवर फॉस्फेट गट जोडते आणि संदेश पुढे सरकतो.

हा पूल नसेल तर? एप्स्टाइन-बार विषाणू जगातील नव्वद टक्क्यांहून अधिक प्रौढांच्या शरीरात असतो. बहुतेकांना त्याचा पत्ताही नसतो. पण सॅपचे जनुक सदोष असलेल्या मुलाला तोच विषाणू प्राणघातक ठरू शकतो. मारक पेशींना विषाणूबाधित बी पेशी नष्ट करता येत नाहीत आणि अनावर झालेली प्रतिकारयंत्रणा यकृत व अस्थिमज्जेवरच उलटते. जनुक एक्स गुणसूत्रावर असल्याने हा आजार मुख्यतः मुलग्यांत दिसतो. पर्टिलो यांनी १९७५ साली त्याचे वर्णन केले. जनुक सापडले १९९८ साली.

पेशीतल्या हजारो प्रथिनांच्या गर्दीतून सॅप वेगळे काढणे अवघड आहे. म्हणून आम्ही संशोधक अशा वेळी जीवाणूंना कामाला लावतो. मानवी जनुकाची प्रत प्लाझ्मिडमध्ये बसवून ती ई. कोलाय जीवाणूत घालायची. प्रथिनाच्या टोकाला सहा हिस्टिडिनची शेपटी जोडलेली असली, की ते निकेलच्या कणांना चिकटते व इतर प्रथिने धुऊन जातात. असे शुद्ध 'पुनःसंयोजित' प्रथिन हाती आले, की त्यातले एकेक अमिनो आम्ल बदलून पकड कुठे सुटते हे पाहता येते. त्याविरुद्ध प्रतिपिंडेही तयार करता येतात.

ही प्रतिपिंडे थेट रुग्णाच्या उपयोगी पडतात. त्यांना चमकणारे रंगद्रव्य जोडून रक्तपेशींत सोडायचे आणि फ्लो सायटोमेट्रीने पाहायचे. चमक नसेल, तर सॅप नाही. मात्र कधी सदोष सॅपही चमकते, म्हणून जनुकाची तपासणीही लागते. परळला के. ई. एम. रुग्णालयाच्या आवारात राष्ट्रीय प्रतिरक्षा-रुधिरविज्ञान संस्था आहे. १९५७ साली रक्तगट संदर्भ केंद्र म्हणून सुरू झालेल्या या संस्थेत आज जन्मजात प्रतिकारन्यूनतेचे निदान होते. निदान लवकर झाले, तर अस्थिमज्जा रोपणाने मूल बरे होऊ शकते.

वर्गात हा विषय शिकवताना दोन विद्यार्थ्यांना हात न पोहोचतील इतक्या अंतरावर उभे करावे आणि तिसऱ्याला मध्ये उभे करून दोघांचे हात धरायला सांगावे. मग त्या तिसऱ्याला बाजूला करावे. उरलेले दोघे धडधाकट असूनही एकमेकांपर्यंत पोहोचत नाहीत, हे मुलांना लगेच दिसेल.