विल्सन (नाव)
विल्सन हे मूळचे इंग्रजी व स्कॉटिश आडनाव असून ते व्यक्तिनाव म्हणूनही वापरले जाते. त्याचा शब्दशः अर्थ 'विलचा मुलगा' असा होतो. विल हे विल्यम या नावाचे लघुरूप होय. 'इच्छा' व 'शिरस्त्राण' या अर्थांच्या दोन जर्मानिक शब्दांपासून बनलेले विल्यम हे नाव इ.स. १०६६ मधील नॉर्मन विजयानंतर इंग्लंडमध्ये रूढ झाले.

मराठीत वाशिमकर यांसारखी अनेक आडनावे गावावरून पडली आहेत व वडिलांचे नाव मधल्या स्थानी वेगळे लिहिले जाते. विल्सनसारख्या नावांत मात्र वडिलांचे नावच वंशपरंपरागत आडनाव बनले. पुढे आईच्या माहेरचे किंवा एखाद्या आदरणीय व्यक्तीचे आडनाव मुलास ठेवण्याच्या प्रथेतून अशी आडनावे व्यक्तिनावे झाली.

महाराष्ट्रात या नावाचे दोन्ही उपयोग आढळतात. मुंबईचे विल्सन महाविद्यालय स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन (१८०४–१८७५) यांच्या आडनावाने ओळखले जाते. पुण्यात जन्मलेले बिलियर्ड्सपटू विल्सन जोन्स (१९२२–२००३) यांचे मात्र ते व्यक्तिनाव होते; त्यांनी १९५८ व १९६४ मध्ये हौशी बिलियर्ड्सचे जागतिक विजेतेपद पटकावले. त्यामुळे आडनावांच्या वर्णानुक्रमी सूचीत पहिल्यांची नोंद 'व' खाली, तर दुसऱ्यांची 'ज' खाली होते.