‘पिक अप’चा खरा अर्थ कुठला?

सोलापूरच्या नवी पेठेत संध्याकाळी दहा मिनिटं उभं राहिलं तरी हा शब्द वेगवेगळ्या अर्थांनी कानावर पडतो. कुणी मोबाईल कानाला लावून पुटपुटत असतं, “फोन पिकअप कर की!” कापडाच्या गठ्ठ्यांनी भरलेली पिकअप रस्त्यात आडवी उभी असते. दुचाकीवाला मेकॅनिकला सांगत असतो, “गाडी पिकअपच घेईना झालीय.” दुकानदार म्हणतो, दसऱ्यापासून धंद्यानं पिकअप घेतला. शहराबाहेर पडलं की एसटीची वाट बघत माणसं बसतात ती पिकअप शेडमध्येच. यांतल्या कुणाचाही कधी गोंधळ होत नाही.

याच माणसांच्या घरांतली मुलं इंग्रजी शिकायला माझ्यासमोर बसतात आणि पहिल्या आठवड्यात विचारतात, “मॅडम, पिक अपचा खरा अर्थ कुठला?”

खरा अर्थ एकच आणि बाकीचे अपवाद, हा गैरसमज मी इतकी वर्षं ऐकतेय की आता त्याचा राग येतो. राग मुलांचा नाही, त्यांच्या हातातल्या दोन रकान्यांच्या याद्यांचा. डावीकडे फ्रेजल व्हर्ब, उजवीकडे एक प्रतिशब्द. पिक अप म्हणजे कलेक्ट. गिव्ह अप म्हणजे सरेंडर. पाठ करा, पुढे चला. एका मुलीनं ती यादी मन लावून पाठ केली आणि निबंधात लिहिलं, “आय कलेक्टेड कन्नडा फ्रॉम माय नेबर्स.” शेजाऱ्यांकडून कन्नड गोळा केली! तिला म्हटलं, आता हेच मराठीत सांग. ती सहज म्हणाली, “शेजारी बोलतात ना, त्यांच्याकडून उचलली.”

उत्तर तिच्याजवळच होतं. सोलापुरात मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू एकाच गल्लीत नांदतात, त्यामुळे इथली मुलं भाषा शिकतात त्याहून जास्त उचलतात. इंग्रजीत याच क्रियेला पिक अप म्हणतात. कलेक्ट कुरिअरच्या पार्सलला चालतो, भाषेला नाही.

आता ‘उचलणे’ या आपल्या क्रियापदाकडे जरा निवांत बघा. आपण फोन उचलतो. बापाची लकब मुलगा उचलतो. पोलिसांनी संशयिताला उचललं. लग्नाचा खर्च मामानं उचलला. अर्धवट राहिलेल्या गोष्टीचा धागा पुन्हा उचलला. या पाचही ठिकाणी इंग्रजीत पिक अप चालतं. दबलेली साथ पुन्हा उचल खाते, आणि ऊसतोडीला निघण्याआधी मजूर मुकादमाकडून आगाऊ उचल घेतो. ‘उचलणे’चा खरा अर्थ कुठला, असं मराठीत कुणी विचारत नाही. जमिनीवरची वस्तू खालून वर आली आणि आपल्या हाती लागली, एवढं मूळ चित्र डोक्यात असतं आणि बाकीचे अर्थ त्यातून फुटतात. कानावर पडलेली भाषा हाती लागते, खालावलेला धंदा वर येतो. पिक अपचंही तसंच आहे.

मात्र दोन्ही शब्द एकमेकांवर तंतोतंत बसवायला जाऊ नये. विडा उचलणे, पाऊल उचलणे, कुणावर हात उचलणे यांतल्या एकालाही पिक अप चालणार नाही. उलट इंग्रजीत मुलाला शाळेतून पिक अप करतात, आपण त्याला आणायला जातो. तिथे ‘लिफ्ट’ लिहिलं तर मूल कडेवर येईल, घरी नाही. धंदा पिक अप होतो तेव्हा नवी पेठेतला जुना व्यापारी त्याहून नेमका शब्द वापरतो: मालाला उठाव आहे.

दुसरी समजूत पहिलीचीच बहीण आहे. आपल्या भाषेत फ्रेजल व्हर्बसारखं काहीच नाही, म्हणून मराठी माध्यमाच्या मुलांना ती जमत नाहीत, असं चांगले शिकलेले पालकही सांगतात. पण स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारे मो. रा. वाळंबे यांच्या व्याकरणात संयुक्त क्रियापदं वाचतात. खाऊन टाक, करून ठेव, हरवून बसला. यांत कुणी काही फेकत नाही आणि कुणी बसतही नाही. ‘टाक’नं काम पुरं झाल्याचं कळतं, ‘बसला’मधून नको ते घडल्याची हळहळ. इंग्रजीत ईट अप, यूज अप यांतला ‘अप’ हेच ‘टाकणे’चं काम करतो. कन्नडातही ‘माडिबिडु’ म्हणजे करून टाक, आणि त्यातल्या ‘बिडु’चा अर्थ एरवी ‘सोड’. रचना वेगळी आहे: आपण क्रियापदाला क्रियापद जोडतो, इंग्रजी छोटं अव्यय जोडते. पण जोडशब्दाचा अर्थ सुट्या तुकड्यांच्या बेरजेपेक्षा निराळा निघतो, याची सवय सोलापूरच्या मुलाला दोन-दोन भाषांतून लागलेली असते.

फ्रेजल व्हर्ब अवघड नाहीत, असं मी म्हणत नाही. सॅम्युएल जॉन्सननं 1755च्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेतच कबूल केलं होतं की परक्यांना सगळ्यात जड जातात त्या याच जोड्या. पण हजारोंची यादी दाखवून मुलांना घाबरवणं चूक आहे. गार्डनर आणि डेव्हिस या अभ्यासकांनी 2007 साली सुमारे 10 कोटी शब्दांचा ब्रिटिश इंग्रजीचा संग्रह तपासला. वारंवारतेत पिक अप चौथं निघालं. त्याच्या पुढे फक्त गो ऑन, कॅरी आउट आणि सेट अप. सर्वाधिक येणाऱ्या 100 जोड्यांना कोशात सरासरी पाचाहून अधिक अर्थ आहेत, हेही त्यांनी दाखवलं. पुढे 2015मध्ये गार्निए आणि श्मिट यांनी नेहमीच्या 150 जोड्यांचे खरोखर वारंवार येणारे अर्थ मोजले, ते भरले 288. म्हणजे एका जोडीला सरासरी दोनही नाहीत. हे वर्षभरात सहज होतं, वाक्यांतून शिकलं तर.

बाकीच्या गैरसमजांना एकेक ओळ पुरे. फ्रेजल व्हर्ब गावंढळ, अर्जात-अहवालात चालत नाहीत? कॅरी आउट आणि सेट अप शोधनिबंधांत पानोपानी सापडतात. ‘टॉलरेट’ बरोबर आणि ‘पुट अप विथ’ चूक? 1066च्या नॉर्मन विजयानंतर इंग्रजीत फ्रेंच-लॅटिन शब्दांचा थर चढला, त्यामुळे सोसणे आणि सहन करणे यांच्यासारखा फक्त सुराचा फरक आहे. वाक्याच्या शेवटी ‘अप’, ‘ऑफ’ येऊ देऊ नये? शब्दयोगी अव्ययावर वाक्य संपवण्याला इंग्रजी कवी ड्रायडननं 1672मध्ये नाव ठेवलं होतं, बोलत्या इंग्रजीनं ते फारसं मनावर घेतलं नाही, आणि ‘अप’ तर तिथे क्रियापदाचाच भाग असतो. भूतकाळ ‘पिकअप्ड’? नाही, ‘पिक्ड अप’. काळ क्रियापदाला लागतो, अव्ययाला नाही.

आणि सर्वनाम मध्येच घ्यायचं: ‘पिक इट अप’. ‘पिक अप इट’ ही चूक मी आजही रोज दुरुस्त करते, आणि तिला मराठीत जोड नसल्यामुळे ती मात्र घोकूनच घ्यावी लागते.