शेवटचे सतरा मीटर

सीएसएमटी ते पुणे. रेल्वेनं १९२ किलोमीटर. या रुळांवर आपण मतं मांडूया. ७ नोव्हेंबर २००० रोजी अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यात अध्यक्षपदासाठी पडलेली सगळी मतं. साधारण ५९ लाख ६३ हजार! एकेका मताला सव्वातीन सेंटिमीटर जागा मिळते, म्हणजे दोन बोटं. चला, निघूया. दादर गेलं, ठाणं गेलं, कल्याण, कर्जत मागे पडलं. घाट चढून खंडाळा आलं, मग लोणावळा, मग शिवाजीनगर. आणि निकाल कुठे लागला? पुणे स्टेशनात, शेवटच्या सतरा मीटरमध्ये! रेल्वेचा एक डबासुद्धा याहून लांब असतो. जॉर्ज बुश अल गोर यांच्यापेक्षा ५३७ मतांनी पुढे राहिले आणि अध्यक्ष ठरवणाऱ्या प्रतिनिधी-मतांपैकी फ्लोरिडाची २५ त्यांच्या पारड्यात पडली. देशाचा हिशेब झाला २७१ विरुद्ध २६६, आणि व्हाइट हाउस बुश यांचं!

आता देशभराची मतं मोजा. तिथे गोर पुढे होते, तब्बल ५ लाख ४३ हजार ८९५ मतांनी. वानखेडे स्टेडियम ३३ हजार माणसांनी गच्च भरा, रिकामं करा, पुन्हा भरा. असं सोळा वेळा केलं तरी बाहेर जवळजवळ सोळा हजार माणसं ताटकळत उभी! एवढी माणसं जास्त असूनही गोर हरले. सोळा वानखेड्यांवर भारी पडली ५३७ माणसं, म्हणजे स्लीपरचे साडेसात डबे.

अजून जवळ जाऊया. फ्लोरिडात अनेक ठिकाणी कार्डाला भोक पाडून मत द्यायचं होतं. भोक नीट पडलं की तांदळाच्या दाण्याएवढा कागदाचा तुकडा गळून पडायचा. नाही पडला, तर एका कोपऱ्याला लोंबकळत राहायचा. मग मोजणारे एकेक कार्ड दिव्यासमोर धरायचे, डोळे ताणून, भिंग लावून बघायचे, की या दाण्याला पडायचं होतं की नव्हतं! एकट्या पाम बीच काउंटीत नावं दोन बाजूंना आणि भोकं मध्ये, अशी गोंधळात टाकणारी मतपत्रिका होती. तिथे पॅट ब्यूकॅनन या तिसऱ्याच उमेदवाराला ३,४०७ मतं मिळाली, ५३७ च्या सहापट! ३५ दिवस हा मोजणीचा वाद चालला. शेवटी १२ डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयातल्या नऊ न्यायाधीशांनी ५ विरुद्ध ४ अशा बहुमतानं फेरमोजणी थांबवली. तांदळाच्या दाण्यावरून जगातली सगळ्यात ताकदवान खुर्ची ठरली.

मी भारतीय. मला तिथे मत नाही. मग मी गोर यांची बाजू का घेतो? त्या वर्षी जगात सुमारे ६१० कोटी माणसं होती आणि अमेरिकेत मत दिलं साडेदहा कोटींनी. म्हणजे ५८ माणसांमागे एक मत. बसलेली-उभी मिळून ५८ माणसं कोंबलेली एसटी डोळ्यांसमोर आणा. गाडी कुठे वळवायची हे त्यातला एकच प्रवासी सांगणार. पण गाडी घाटात घसरली, तर खड्ड्यात सगळेच जाणार!

गाडी घसरते कशी, ते हवा तापवणाऱ्या वायूच्या विहिरींनी मोजूया. आपल्या शेतातली साधी विहीर घ्या, ८ मीटर रुंद, १२ मीटर खोल. पाणी उपसून टाका आणि तिच्यात एक टन कार्बन डायऑक्साइड सोडा. विहीर जवळजवळ काठाला लागते! एक टन, एक विहीर. २००० साली सरासरी भारतीय माणूस वर्षाला जेमतेम एक विहीर भरत होता. अमेरिकी माणूस? एकवीस!

आणि तेव्हा सगळी अमेरिका मिळून वर्षाला सुमारे ६०० कोटी टन. सेकंदाला १९० टन. कोळशाची एक वाघीण साधारण ६० टनांची धरा, म्हणजे दर सेकंदाला तीन वाघिणी. पूर्ण भरलेली एक मालगाडी दर एकोणीस सेकंदांनी! तुम्हाला हा परिच्छेद वाचायला लागतो तेवढ्या वेळात एक तरी धडधडत निघून जायची. रात्रंदिवस, दिवाळीलासुद्धा, खंड नाही.

या ६०० कोटी विहिरी काठाला काठ लावून एका रांगेत खणा. रांग होते ४ कोटी ८० लाख किलोमीटरची. चंद्र ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर आहे. चंद्रावर जाऊन परत या, पुन्हा जा, पुन्हा या, अशा बासष्ट फेऱ्या! ही झाली एका वर्षाची रांग. अध्यक्षाची मुदत चार वर्षांची, आणि चार वर्षांची रांग १९ कोटी किलोमीटर. सूर्य १५ कोटींवर आहे. एका अध्यक्षाच्या एका मुदतीत विहिरींची रांग सूर्याच्याही पलीकडे जाते!

आणि त्या वायूला पासपोर्ट लागत नाही. ओहायोच्या धुराड्यातून सुटलेला आणि कोराडीच्या धुराड्यातून सुटलेला वायू एकाच आभाळात मिसळतो. ज्या आभाळाकडे आमचा शेतकरी जूनमध्ये हात कपाळावर धरून बघतो, तेच हे आभाळ.

म्हणून माझा उमेदवार गोर. डिसेंबर १९९७ मध्ये हवामानाच्या वाटाघाटींसाठी ते स्वतः क्योटोला गेले होते. बुश यांनी मार्च २००१ मध्ये त्याच क्योटो करारातून अंग काढून घेतलं. गोर आले असते तरी वाट सोपी नव्हती. अमेरिकी सिनेटनं जुलै १९९७ मध्येच ९५ विरुद्ध शून्य मतांनी अशा कराराविरुद्ध कौल दिला होता.

बुश यांच्या पारड्यातलंही मोजायला हवं. २००३ मध्ये त्यांनी एड्सविरोधी मदतीची प्रचंड योजना सुरू केली. अमेरिकी सरकारच्या हिशेबानं तिनं अडीच कोटी जीव वाचवले. २०११ च्या जनगणनेतल्या दोन मुंबया! आफ्रिकेतल्या एखाद्या आईनं त्यांची बाजू घेतली, तर तिचा हिशेबही खराच आहे. मी म्हणतो ते हेच. त्या खुर्चीचे आकडे आपल्या दारापर्यंत येतात, म्हणून आपण बाजू घ्यावी, मोठ्यानं घ्यावी.

पैसे मात्र देता येत नाहीत. परदेशी माणसानं देणगी देणं तिथल्या कायद्यानं गुन्हा आहे, आणि ते योग्यच आहे. उपदेशही चालत नाही. २००४ मध्ये ब्रिटनच्या ‘द गार्डियन’नं आपल्या वाचकांना ओहायोतल्या क्लार्क काउंटीच्या मतदारांना पत्रं लिहायला लावलं. तिथले लोक चिडले. २००० साली गोर जिथे ३२४ मतांनी पुढे होते, ती काउंटी या वेळी बुश यांच्याकडे गेली. आपल्या हातात उरतो तो हिशेब. तो मांडावा, आणि तिथल्या मतदाराला तो पडताळून बघू द्यावा.

तर हा माझा शेवटचा हिशेब. धरून चला, सिनेटशी झगडून गोर यांना त्या ६०० कोटींत फक्त पाच टक्के कपात जमली असती. फक्त पाच! तरी वर्षाला ३० कोटी विहिरी रिकाम्या राहिल्या असत्या. ३० कोटी भारतीय वर्षभरात जेवढ्या भरत होते तेवढ्या, म्हणजे २००१ चे तीन महाराष्ट्र! त्या ३० कोटींना ५३७ नं भागा. एका मताच्या वाट्याला साडेपाच लाख विहिरी. त्यांची रांग साडेचार हजार किलोमीटर, मुंबई-पुणे तेवीस वेळा! दर वर्षी!

आणि त्या मताला रुळांवर जागा किती होती? दोन बोटं.