राजकीय विश्वास
शासनसंस्था व ती चालविणाऱ्या व्यक्ती, आपले सतत लक्ष नसतानाही, सर्वसाधारणपणे न्याय्य रीतीने व दिलेल्या वचनाला धरून वागतील, अशी नागरिकांची धारणा. लोकशाहीत तिला विशेष महत्त्व असते. कारण तेथे शासनाला लोकांची संमती ठराविक काळाने पुन्हा मिळवावी लागते. धरणे, निवृत्तिवेतन योजना, वनीकरण किंवा हवामानबदलाचा प्रतिबंध यांसारख्या कार्यांचा खर्च आज करावा लागतो. त्यांचे फळ मात्र अनेक वर्षांनी, पुष्कळदा पुढील पिढीला मिळते. निवडणुकीची मुदत सामान्यतः चार-पाच वर्षांची असते. या दोन कालमानांतील अंतर कशाने भरून निघते, हा विश्वास, नेतृत्व व दीर्घकालीन धोरण यांविषयीच्या संशोधनातील मध्यवर्ती प्रश्न होय.

संकल्पना व मापन : गेब्रिएल आमंड व सिडनी व्हर्बा यांनी द सिव्हिक कल्चर (१९६३) या ग्रंथात अमेरिका, ब्रिटन, पश्चिम जर्मनी, इटली व मेक्सिको या पाच देशांतील नागरिकांच्या वृत्तींचा तौलनिक अभ्यास केला. सहभागाची उत्सुकता आणि शासनाविषयीचा आदर यांचे मिश्रण स्थिर लोकशाहीस पोषक असते, असे त्यांचे प्रतिपादन होते. डेव्हिड ईस्टन यांनी १९६५ मध्ये शासनाला मिळणाऱ्या पाठिंब्याचे दोन प्रकार मानले : विशिष्ट निर्णयांवर व सत्ताधाऱ्यांच्या कामगिरीवर अवलंबून असणारा पाठिंबा आणि एखादा निर्णय न रुचला, तरी व्यवस्थेविषयी टिकून राहणारी सर्वसाधारण सद्‌भावना. ही दुसरी सद्‌भावना म्हणजे व्यवस्थेची राखीव शिल्लकच होय.

अमेरिकेत १९५८ पासून मतदारांना या संदर्भात ठराविक प्रश्न विचारला जातो. केंद्रशासन नेहमी किंवा बहुधा योग्य तेच करील, असे म्हणणाऱ्यांचे प्रमाण १९६४ मध्ये सु. ७७ टक्के होते. व्हिएटनाम युद्ध व वॉटरगेट प्रकरण यांनंतर, १९७४ मध्ये, ते सु. ३६ टक्क्यांवर आले. या घसरणीचा अर्थ काय, यावर त्याच वर्षी आर्थर मिलर व जॅक सिट्रिन यांच्यात वाद झाला. मिलर यांना तीत धोरणांविषयीचा खोल असंतोष दिसला, तर ती मुख्यतः तत्कालीन सत्ताधाऱ्यांविषयीची नाराजी आहे, असे सिट्रिन यांचे मत होते.

अल्पदृष्टीची कारणे : विल्यम नॉर्डहाउस यांनी १९७५ मध्ये ‘राजकीय व्यापारचक्रा’ची उपपत्ती मांडली. निवडणुकीपूर्वी बेकारी कमी करणारी आणि निवडणुकीनंतर महागाईला आवर घालणारी धोरणे आखण्याचा मोह सत्ताधाऱ्यांना होतो, असे तिचे सार आहे. मतदारांच्या वागणुकीतूनही अशा मोहाला उत्तेजन मिळते. अँड्रू हीली व नील मल्होत्रा यांनी अमेरिकेतील निवडणुकांच्या अभ्यासातून (२००९) असे दाखविले, की आपत्तीनंतर मदत देणाऱ्या पक्षाला मतदार मतांच्या रूपाने बक्षीस देतात. आपत्तीच्या पूर्वतयारीवर खर्च करणाऱ्याला मात्र देत नाहीत. वास्तविक पूर्वतयारीवरील १ डॉलर सु. १५ डॉलरांची भावी हानी टाळतो, असा त्यांचा अंदाज आहे.

तथापि मतदार स्वभावतःच अधीर असतो, हा निष्कर्ष त्यावरून काढता येत नाही. ॲलन जेकब्ज यांनी जर्मनी, ब्रिटन, अमेरिका व कॅनडा येथील निवृत्तिवेतन धोरणांचा अभ्यास करून (२०११) निवडून आलेली सरकारेही भविष्यासाठी वर्तमानावर भार टाकतात, हे दाखवून दिले. जेकब्ज व स्कॉट मॅथ्यूज यांच्या २०१२ मधील प्रयोगात लोक दूरच्या लाभाला कमी महत्त्व देताना आढळले. पण त्यामागे उतावीळपणापेक्षा, वचन दिलेला लाभ प्रत्यक्षात मिळेल की नाही, ही शंका अधिक होती. मार्क हेदरिंग्टन यांच्या विवेचनानुसार (२००५) ज्या धोरणात नागरिकाला त्याग करावा लागतो व प्रत्यक्ष लाभ दुसऱ्याला होतो, तेथेच शासनावरील विश्वास निर्णायक ठरतो. ज्याचा लाभ आपल्याला तत्काळ मिळतो, त्या धोरणास विश्वासाची फारशी गरज नसते.

नेतृत्व : माक्स वेबर यांनी १९१९ मधील आपल्या प्रसिद्ध व्याख्यानात राजकीय नेत्याच्या ठायी तळमळ, जबाबदारीची जाणीव व तारतम्य हे तीन गुण आवश्यक मानले. जेम्स मॅकग्रेगर बर्न्झ यांनी १९७८ मध्ये देवघेवीवर आधारलेले नेतृत्व आणि अनुयायांची उद्दिष्टे उंचावणारे परिवर्तनकारी नेतृत्व असा भेद केला. दीर्घकालीन कार्यास दुसऱ्या प्रकारचे नेतृत्व उपकारक असले, तरी नेत्याचा कार्यकाल मर्यादित असतो. त्याचे वचन त्याच्या पश्चात कोण पाळणार, या प्रश्नाचे उत्तर संस्थांनाच द्यावे लागते.

संस्थात्मक उपाय : नॉर्वेने तेलाच्या उत्पन्नासाठी १९९० मध्ये कायद्याने निधी स्थापन केला व २००१ मध्ये त्यातून करावयाच्या खर्चावर नियमाने मर्यादा घातली. फिनलंडच्या संसदेने १९९३ मध्ये भविष्यविषयक समिती नेमली. वेल्समध्ये २०१५ मध्ये भावी पिढ्यांच्या हितासाठी कायदा होऊन त्यासाठी स्वतंत्र आयुक्ताचे पद निर्माण झाले. याउलट इझ्राएलच्या संसदेने २००१ मध्ये निर्माण केलेला भावी पिढ्यांसाठीचा आयोग २००६ नंतर चालू राहिला नाही. भविष्याचे रक्षण करणाऱ्या संस्थेलाही वर्तमानकालीन पाठबळ लागते, हे यावरून स्पष्ट होते.

महाराष्ट्रातील रोजगार हमी योजना या दृष्टीने उल्लेखनीय आहे. १९७२ च्या दुष्काळात विस्तारलेल्या या योजनेस १९७७ मध्ये अधिनियमाचा आधार देण्यात आला व तो २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आला. तिच्या खर्चासाठी मुख्यतः नागरी भागातील नोकरदार व व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसविण्यात आला. मृद्‌संधारण, पाझर तलाव यांसारख्या कामांचा लाभ ग्रामीण भागाला व्हावयाचा होता. करदात्याच्या दृष्टीने हा त्याग होता. पण त्यातून उभा राहणारा निधी कायद्याने याच कार्यासाठी बांधला गेला होता आणि राज्यशासनावरही तेवढीच रक्कम घालण्याचे बंधन होते. मार्गारेट लीव्ही ज्याला ‘सशर्त संमती’ म्हणतात, तिचा आधार असाच असतो : शासन वचन पाळील आणि इतरही आपला वाटा उचलतील, अशी खात्री असल्यास नागरिक भार स्वीकारतो.

मूल्यमापन : रॉबर्ट पटनम यांनी इटलीत १९७० पासून स्थापन झालेल्या प्रादेशिक शासनांच्या अभ्यासातून (१९९३) परस्परविश्वास व नागरी सहकार्याची परंपरा असलेल्या प्रदेशांत शासन अधिक कार्यक्षम असते, असा निष्कर्ष काढला. या परंपरेचे मूळ त्यांनी मध्ययुगात शोधल्यामुळे, मागे राहिलेल्या प्रदेशांना सुधारणेस वावच उरत नाही, अशी टीका त्यांच्यावर झाली. दुसरा आक्षेप विश्वासाच्या गौरवावरच आहे. आंधळा विश्वास लोकशाहीस घातक असतो. मुदतबंद निवडणुका, लेखापरीक्षण, स्वतंत्र न्यायालये व मुक्त वृत्तपत्रे ही अविश्वासाचीच संस्थात्मक रूपे आहेत. ओनोरा ओनील यांनी २००२ मधील व्याख्यानमालेत विश्वास वाढविण्यापेक्षा विश्वासार्ह व्यक्ती व संस्थांवर तो ठेवला जाणे महत्त्वाचे मानले. त्यामुळे दीर्घदृष्टीचा अभाव हा केवळ मतदाराचा दोष ठरत नाही. ज्या शासनाची पूर्वीची वचने तपासून पाहता येतात व ती पाळलेली आढळतात, त्यालाच उद्याच्या नावाने आज काही मागण्याचा अधिकार प्राप्त होतो.