मुंबईचा एक नवा दशावतार



दशावतार हा शब्द उच्चारतांच आपणांपैकीं कोणाला पंचांगांतील दहा चित्रें आठवतील, कोणाला जयदेवाचें स्तोत्र आठवेल. माझ्यासारख्या दक्षिण कोंकणांत वाढलेल्या माणसाला आठवते ती जत्रेची रात्र. देवळासमोर मृदंग, झांज आणि पायपेटी वाजूं लागे, आरंभींच्या आडदशावतारांत काळ्या वेषांतला संकासुर उड्या मारीत येई, आणि आम्ही मुलें आईच्या पदराआडून त्याच्याकडे बघत असूं. आज ज्या दशावताराविषयीं मी बोलणार आहें, तो या मांडवांतला नव्हे. तो २०१७ सालीं मुंबईच्या ‘डिमॉनिक रेझरेक्शन’ नांवाच्या बँडनें प्रसिद्ध केलेला दहा इंग्रजी गीतांचा अल्बम आहे. त्याचें नांव ‘दशावतार’ असेंच आहे, आणि त्याचा प्रकार आहे ‘हेवी मेटल’. आपल्या घरांतील तरुण मुलें ज्या संगीतापायीं दार लावून बसतात, आणि ज्याला आपण दाराबाहेरून ‘गोंगाट’ म्हणतों, तेंच हें.

मी या विषयाचा अधिकारी नाहीं. माझें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें. सारा जन्म तलासरी तालुक्यांतील झरी या गांवीं मुलांना मराठी आणि शास्त्र शिकविण्यांत गेला. पण या संगीताचें मी एक जुनें देणें लागतों, तें आधीं सांगून टाकतों.

१९९६ सालची गोष्ट. नववीच्या वर्गांतल्या एका मुलाच्या दप्तरांत मला एक कॅसेट सांपडली. वर एका हडकुळ्या राक्षसाचें चित्र होतें. घरीं येऊन मीं ती लावली, आणि पांच मिनिटांच्या आंत बंद केली. दुसऱ्या दिवशीं भर वर्गांत त्या मुलाला उभें करून, ‘असलें ऐकणाऱ्याचें पुढें काय होणार?’ असें मीं विचारलें आणि कॅसेट परत दिली नाहीं. ती त्यानें वापीच्या चुलतभावाकडून मागून आणली होती, हें मला पुष्कळ वर्षांनीं कळलें. त्यानंतर तो मुलगा माझ्या तासाला कधींच तोंड उघडून बोलला नाहीं. दोन वर्षांपूर्वीं माझा भाचा दिवाळीला आला. त्यानें हा ‘दशावतार’ मला दूरध्वनियंत्रावर ऐकविला, तेव्हां मला प्रथम आठवला तो मुलगाच.

आतां हें संगीत असतें तरी कसें, तें पाहूं. त्याची सुरुवात इंग्लंडांतील बर्मिंगहॅम या कारखान्यांच्या शहरीं झाली. तेथें टोनी आयोमी नांवाचा सतरा वर्षांचा मुलगा पत्र्याच्या कारखान्यांत कामाला होता. नोकरी सोडण्याच्या अगदीं शेवटच्या दिवशीं यंत्राखालीं त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांचीं अग्रें तुटलीं. तो डावखुरा; म्हणजे गिटारच्या तारा दाबावयाच्या त्या याच बोटांनीं. मुकादमानें त्याला एका अपंग वादकाची ध्वनिमुद्रिका ऐकवून धीर दिला. मुलानें प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या, वर चामडें लाविलें आणि हलक्या तारा चढविल्या. पुढें त्यानें तारा नेहमींपेक्षां ढिल्या सोडून स्वर खालीं उतरविला, आणि तो जड, खोल नाद हीच या प्रकाराची ओळख ठरली. त्याच्या ‘ब्लॅक सॅबथ’ या बँडचा पहिला अल्बम १९६९ च्या ऑक्टोबरांत एका दिवसांत मुद्रित झाला आणि १९७० च्या फेब्रुवारींत बाहेर पडला. समीक्षकांनीं त्याची यथेच्छ टर उडविली. लोकांनीं मात्र तो इंग्लंडच्या विक्रीच्या यादींत आठव्या क्रमांकावर नेऊन बसविला.

या संगीतांतील गिटारचा स्वर असा खरखरीत कां, हा प्रश्न शास्त्राच्या शिक्षकाला सुटण्यासारखा आहे. तारेचा कंप विजेच्या लहरींत रूपांतर पावून ध्वनिवर्धकांत जातो. त्याच्या शक्तीबाहेर लहर मोठी झाली कीं तिचे माथे कापले जातात. गोल टेकडीच्या जागीं सपाट पठार उरतें. या कापणीमुळें मूळ स्वरांत नसलेले अनेक उपस्वर उपजतात, आणि कानाला तो स्वर भरदार आणि दातेरी लागतो. गंमत अशी कीं अशा स्वरांत तीन-चार निरनिराळे सूर एकदम छेडले तर सगळाच चिखल होतो. म्हणून हे वादक बहुतेक वेळां मूळ स्वर आणि त्याचा पंचम एवढेच घेतात. षड्ज आणि पंचम! आपल्या तंबोऱ्याचाच संसार हा. आणि तंबोऱ्याची जवारी तरी काय आहे? घोडीवर तारेखालीं दोरा सरकवून आपणही मुद्दाम तो झंकार, ते उपस्वर उत्पन्न करतोंच कीं. आपण ते माफक घेतों, हे लोक ओंजळीनें घेतात, एवढाच फरक.

गायनाचें कोडें याहून अवघड आहे. गुरगुरावें तसा हा आवाज काढतांना खऱ्या स्वरतंतूंच्या वर असलेल्या मांसल पडद्यांना कंप द्यावा लागतो, आणि जोर सारा पोटांतून आणावा लागतो. घसा ताणून नुसता ओरडणारा माणूस कांहीं दिवसांत मुका होईल. या बँडचा संस्थापक साहिल मखिजा याच्याकडे पाहिलें म्हणजे ही गोष्ट पटते. यानें २००० सालीं बँड काढला, तो त्यांत गातो आणि गिटारही वाजवितो. याच गृहस्थानें इंटरनेटवर पाककृतींचा एक कार्यक्रम लोकप्रिय केला आहे, आणि त्यांत अंडें कसें फोडावें, लोणी किती घ्यावें, हें तो आपल्या-तुपल्यासारख्या साध्या आवाजांत सांगतो. गुरगुराट ही त्याची प्रकृति नव्हे, कमावलेली विद्या आहे. शिवाय त्याच गीतांत मधून मधून सरळ, सुरेल आवाजांतही तो गातो.

अशा अल्बमाची घडण आतां एका दिवसांत होत नाहीं. बहुधा प्रथम ढोल मुद्रित होतात. वादक कानांत ठोक्याचें यंत्र लावून दोन्ही पायांनीं मोठा ढोल आणि दोन्ही हातांनीं बाकीचे ढोल व झांजा वाजवितो, आणि तीही आपल्या तबल्याच्या द्रुतालाही दम लागेल अशा गतीनें. त्यावर गिटार, मग कंठ, असे एकेक थर निरनिराळ्या दिवशीं चढतात, आणि शेवटीं त्या सर्वांचें प्रमाण जुळविलें जातें. कोणता थर किती पुढें आणि किती मागें ठेवावयाचा, यांतच निम्मी कला आहे. फोडणींत हिंग किती, तसें तें.

या बँडनें २००५ आणि २०१० सालीं काढलेल्या अल्बमांच्या नांवांत ‘अंधार’ हा शब्द आहे, आणि २०१४ सालच्या अल्बमाचें नांवच ‘असुरांचा राजा’ अशा अर्थाचें आहे. २०१० च्या अल्बमाच्या सुमारास लंडनच्या ‘मेटल हॅमर’ या नियतकालिकानें त्यांना जगांतल्या अशा बँडांसाठीं ठेवलेला आपला पुरस्कार दिला. परक्या मुलुखांतून मान आला, पण घरीं मात्र जागेचीच पंचाईत! मुंबईंत १९८६ सालीं ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा मेळावा सुरू झाला, आणि पुढें धोबीतलावाजवळचें उघड्या आकाशाखालचें रंगभवन हें या तरुणांचें पंढरपूर बनलें. जवळच रुग्णालयें आणि महाविद्यालयें. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनीं अशा संस्थांभोंवतींचे शंभर मीटर शांतता-क्षेत्र ठरविले. दिवसा ५० आणि रात्रीं ४० डेसिबलची मर्यादा पडली, आणि रंगभवनांतील हे कार्यक्रम बंद झाले. रुग्णाची झोंप मोडावी असें कोण म्हणेल? पण उत्सवांतील कर्ण्यांना आपण जेवढी सूट मनांतल्या मनांत देतों, तेवढी या मुलांना कधींच दिली नाहीं, हेंही खरेंच आहे.

आतां प्रत्यक्ष ‘दशावतारा’कडे वळूं. मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा अवतार, दहा गीतें. नववा अवतार म्हणून बुद्ध घेतला आहे. महाराष्ट्रांतील कित्येक जुन्या चित्रांत त्या जागीं विठोबा दिसतो, हें आपण जाणतांच. इंग्रजी माझें बेताचें, त्यामुळें भाच्यानें कागदावर उतरवून दिलेले शब्द समोर ठेवून मीं रोज एक, असे दहा दिवस हा अल्बम ऐकला.

पहिले तीन दिवस डोकें दुखलें. चवथ्या दिवशीं नरसिंह आला, आणि मी सावरून बसलों. हिरण्यकशिपूला वर असा कीं माणसाच्या हातून मरण नाहीं, पशूच्या हातून नाहीं. घरांत नाहीं, बाहेर नाहीं. दिवसा नाहीं, रात्रीं नाहीं. म्हणून देव उंबरठ्यावर, तिन्हीसांजेला, ना माणूस ना पशु अशा रूपानें आला. ही गोष्ट मीं मुलांना तीस वर्षें सांगितली असेल, आणि प्रत्येक वेळीं खांब फुटण्याच्या जागीं माझा आवाज अपुरा पडला. नरसिंह बोलला असेल तर कोणत्या आवाजांत? माणसाचाही नव्हे आणि पशूचाही नव्हे असा कंठ या अल्बमांत होता. त्या दिवशीं तो मला गोंगाट वाटला नाहीं.

सगळेंच पटलें असें नव्हे. कृष्णाच्या गीतांत मीं शोधलें तें गोकुळ मला सांपडलें नाहीं. बुद्धाचें नांव या कल्लोळांत ऐकतांना मी अवघडलों. उलट परशुराम आणि वराह यांना हा नाद शोभून दिसतो. घरांतून एक आक्षेप आला तोही सांगतों. बँडच्या नांवाचा अर्थ ‘आसुरी पुनरुत्थान’ असा कांहींसा होतो. अशा मुखांतून देवाचीं नांवें कशीं चालावीं? मीं उत्तर दिलें कीं आपल्या कोंकणांत संकासुर आल्याशिवाय खेळ रंगत नाहीं, आणि पुराणांत जय-विजय हे वैकुंठाचे द्वारपालच असुर होऊन वैरभावानें देवाकडे परत गेले. पत्नीचें या उत्तरानें समाधान झालें नाहीं. ‘पुराणांतले असुर तिकीट लावून गात नव्हते,’ असें तिचें म्हणणें.

कानाला सवय लागावी लागते, ही गोष्ट मला झरी गांवानेंच पूर्वीं एकदां शिकविली होती आणि मी ती विसरलों होतों. १९८४ सालीं मी येथें आलों तेव्हां वारली पाड्यांत रात्रभर तारपा वाजे. वाळलेला दुध्या भोपळा, बांबूच्या दोन नळ्या, मेणानें बुजविलेल्या फटी, आणि शेवटीं ताडपत्राचा कर्णा, असें हें वाद्य. वाजविणारा श्वास तोडीत नाहीं. गालांत हवा धरून नाकानें पुढचा श्वास घेतो, आणि नाद अखंड चालतो. भोंवतीं नाचणारांची सांखळी फिरते, तारप्याकडे पाठ न करतां. मला तो पहिल्या वर्षीं एकच एक भोंगा वाटला, आणि तसें मीं एका पालकाला बोलूनही दाखविलें. तो नुसता हसला. तिसऱ्या वर्षीं दुरून ऐकून चाल बदलली हें मला कळूं लागलें. आज मुंबईचे पाहुणे येतात आणि तारप्याला भोंगा म्हणतात, तेव्हां मला राग येतो. हाच मी १९९६ सालीं पांच मिनिटांत निकाल देऊन मोकळा झालों होतों.

तो विद्यार्थी आतां तलासरीला टेंपो चालवितो. त्याचीं दोन मुलें शाळेंत जातात. गेल्या शिमग्याला त्याला घरीं बोलावून मीं कॅसेट परत दिली. फीत केव्हांच चिकटून गेली होती. त्यानें ती उलटसुलट करून पाहिली आणि, ‘गुरुजी, चुलतभावाला मीं तेव्हांच पैसे दिले होते,’ एवढेंच म्हणाला. मग मीं भाच्यानें दिलेलें यंत्र काढून नरसिंहाचें गीत लावलें. हें त्यानेंही ऐकलें नव्हतें. तें संपेपर्यंत तो उंबरठ्याशींच उभा होता; संपल्यावर आंत येऊन बसला आणि म्हणाला, ‘आवाज थोडा वाढवूं कां?’